उजव्या बाजूचा बूट

मी एक बूट बोलतोय. हो, एकटाच. माझा जोडीदार कधीच हरवला, त्याचं दुःखही आता जुनं झालंय. सिंगापुरात, बिशानच्या एका फ्लॅटबाहेर चपलांच्या रॅकवर मी राहतो. म्हणजे कालपर्यंत राहत होतो.

जन्म माझा स्कॉटलंडचा, १९०८ सालचा. जाड चामड्याचा, पावसात भिजलो की दगडासारखा जड व्हायचो. माझा धनी डूगल रँकिन आठवडाभर कोळशाच्या खाणीत राबायचा आणि शनिवारी फुटबॉल खेळायचा. उजव्या बाजूचा बचावपटू. सहा वर्षांत त्याने गोल केला एकच, तोही आपल्याच जाळ्यात! पेपरात नाव छापून आलं ते तेवढंच. गोल मारणाऱ्यांना लोक खांद्यावर घेऊन नाचायचे. हा बापडा घरी येऊन मला पुसायचा, चरबी चोळायचा आणि आकार टिकावा म्हणून पेपरचा बोळा कोंबायचा. मी त्यातच भरून पावायचो.

मग महायुद्ध आलं आणि खेळ सुटला. पुढे गोदीतल्या नोकरीसाठी तो सिंगापूरला आला, सोबत ट्रंकेतून मी. गेल्या वर्षी त्याच्या पणतवाने घर बदललं, तेव्हा मला जुरोंग आयलंडवरच्या रिफायनरीतल्या आपल्या सहकाऱ्याला, निशिकांतला, डूगलची सगळी गोष्ट सांगून दिलं. निशिकांतची लेक आर्या शाळेच्या संघात खेळते ना, म्हणून. पण त्याच्या बायकोने, अरुणाने, मला उंबरा ओलांडू दिला नाही. "पायातलं बाहेरच," म्हणाली. तिचंही बरोबरच होतं.

परवा खंडेनवमीच्या आदल्या दिवशी साफसफाई निघाली. आर्या फुरंगटून शाळेतून आली. कोचने तिला पुढून काढून बचावात टाकलं होतं. तिने स्वतःचे बूट थेट कचऱ्याच्या पिशवीत टाकले. "आय ॲम ओन्ली डिफेंडर, ला," ती सिंगापुरी ढंगात म्हणाली. "कोणी बघत पण नाही. मी टीम सोडतेय."

पिशवी उघडीच होती, म्हणून अरुणाने मलाही उचललं. संपलं, म्हटलं, आपलं आयुष्य.

पण पुण्याच्या बाईची सवय! रद्दी कचऱ्यात जाता कामा नये. तिने माझ्या पोटातला बोळा ओढून काढला आणि मला पिशवीत टाकलं. आर्याने तो बोळा उलगडला आणि त्यावरची डूगलच्या सामन्याची बातमी ती वाचू लागली. सामना शून्य-शून्य. समोरच्या संघाचा कर्णधार म्हणाला होता, "आमच्या डाव्या बाजूने आज वाटच नव्हती."

"तिथे कोण होतं? नाव नाही लिहिलं," आर्या म्हणाली.

निशिकांतने माझ्याकडे बोट दाखवलं. "त्यांची डावी बाजू म्हणजे ह्याची उजवी. हा होता."

पोरीने कागदाच्या सुरकुत्या तळहाताने सपाट केल्या. मग तिने पिशवीतून आधी मला काढलं, मग आपले बूट.

दुसऱ्या दिवशी पाटावर निशिकांतचं हेल्मेट आणि अरुणाचा लॅपटॉप मांडला होता. आर्याने धुतलेले बूट आणून शेजारी ठेवले.

"अगं, देवापुढे बूट?"

"ज्याच्यावर काम चालतं ते पुजायचं, तूच सांगतेस ना?"

अरुणाने लेकीच्या बुटांना हळदकुंकू वाहिलं. मग दाराशी आली आणि मला दोन्ही हातांनी उचललं.

"आधी जाळं राखलंस, मग आमचं दार, बाबा," ती म्हणाली. "आता ये आत."