झेंडूचा हार

नानासोची लाल अमेरिकन गाडी रहिमतपूरपासून मिरजेपर्यंत पोरंटोरंसुद्धा ओळखत. पुढं दोघांपुरती बैठक, मागं झाकण. झाकण उचललं की आत आणखी एक बैठक. पुण्यातल्या एका गोऱ्या कप्तानाकडून त्यानं ती हौसेनं घेतली होती. लढाईमुळं सुटे भाग मिळेनासे झाले तसा तो स्वतःच तिची मलमपट्टी करू लागला. टायरला ठिगळं, पेट्रोल कुपनावर, तरी तोरा कायम. तिला दुसऱ्या कुणी बोट लावलेलं त्याला खपत नसे. बायकोची गोष्ट वेगळी.

आज त्या झाकणाखाली बायकोचा भाऊ ज्ञानू अंगाचं मुटकुळं करून पडला होता. आदल्या वर्षी चलेजावच्या धामधुमीत त्यानं तारा तोडल्या, तेव्हापासून पोलीस मागावर होते. सापडला तर उमेदीची सगळी वर्षं तुरुंगात जाणार. त्याला मिरजेत तंबोरे करणाऱ्या चांदसाहेबाच्या घरी पोचवायचं होतं. एवढ्या ओळखीच्या गाडीचा कोण संशय घेणार, असा नानासोचा होरा.

निघताना बायकोनं, विजयमालानं, खंडेनवमीची पूजा केली. पाने, हातोडी, जॅक यांना हळदकुंकू लावून हत्यारांची पेटी भावाच्या पायाशी सरकवली आणि गाडीच्या तोंडावर मनगटाएवढा जाड झेंडूचा हार बांधला.

"आवं, दसऱ्यापातुर काढू नगा," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. नानासोला नाही म्हणवलं नाही.

तासगावच्या अलीकडं, नेमकं पोलिसांच्या नाक्यासमोर, गाडीनं भसाभसा वाफ सोडली आणि बंद पडली. नानासो पुढं येऊन बघतो तर हारानं जाळीत शिरणारा वारा अडवलेला, आतलं पाणी उकळतंय. इंजिनाची कुरकुर झोपेतही ओळखणारा हा बहाद्दर, आणि त्याला डोळ्यांसमोरची फुलं दिसली नव्हती! स्वतःच्याच मुस्काटात मारून घ्यावी असं त्याला वाटलं.

बाळासो हवालदार बादली घेऊन धावत आला. नानासोची नजर चुकवून या गाडीचा भोंगा वाजवायला मिळाला की याची स्वारी दिवसभर खूश. नाक्याच्या भिंतीशी त्याची बंदूक टेकलेली होती.

"पाना काढा नानासो. सामान मागंच असतंय न्हवं?" हवालदार झाकणाकडं वळला.

"थांबा!" नानासोचा आवाज चिरकला. "आज खंडेनवमी. हत्यारं पुजल्यात. उद्यापातुर हात लावायचा न्हाई."

"व्हय की!" हवालदारानं हात मागं घेतला.

नानासोनं हार सोडून बैठकीवर ठेवला. गाडी जरा निवल्यावर तो जपून पाणी ओतू लागला. आता सुटलो, असं वाटतंय तोच झाकणाखाली ज्ञानू खोकला.

बादली हातातून निसटली. हवालदार झाकणाकडं बघत राहिला. नानासोला विजयमालाचे डोळे आठवले. घरी जाऊन तिला काय तोंड दाखवायचं?

हवालदारानं मान वळवून भिंतीकडं पाहिलं. बंदुकीच्या दस्त्यावर हळदकुंकू होतं, नळीत झेंडूचं फूल खोवलं होतं.

"माजंबी हत्यार सकाळीच पुजलंय," तो हळू आवाजात म्हणाला. "आज न्हाई उचलायचं."

नानासोनं आत बसून स्टार्टर दाबला. गाडी धडधडली.

हवालदार दाराशी वाकला. भोंग्याला त्यानं हातसुद्धा लावला नाही.

"बिगी बिगी पोचा," तो म्हणाला. "आन् तितंबी थांबवू नगा त्याला. उद्या दसरा हाय. उद्या मला बंदूक उचलावी लागंल."