गोमाजीचा अडकलेला आवाज

आंबिवलीच्या त्या चाळीत रविवारी भरदुपारी लोक खिडक्यांच्या गजांना लटकले होते. महिन्यापूर्वी वारलेला गोमाजी म्हणे मुलाच्या जुन्या कॉम्प्युटरमधून बोलत होता. आवाज त्याचाच होता, शब्द मात्र एकच: "मार... मार... मार..."

पोपट भगताने धुपाचा लोट उठवला. सुनेनेच सासऱ्याला खाल्लं, तिच्या अंगातली हडळ झोडून काढा, नाहीतर घरातला दुसरा पुरुषही जाईल, असं तो घोळवून घोळवून सांगत होता. मंत्रात मध्येच "व्हायरस" असाही एक शब्द टाकत होता, आणि शिकलेली माणसंसुद्धा माना डोलावत होती.

सुनेचं नाव स्वप्ना. केसांना धरून तिला अंगणात ओढलं. पहिला पट्टा तिच्या नवऱ्यानेच, मारुतीने मारला. मग बायकांच्या चपला आल्या, कोणाची तरी सळी आली. तिचा डावा हात कोपराखाली मोडला. ती ओरडायची थांबली, तरी आतून "मार... मार..." चालूच होतं.

शेजारच्या शेवंतीने चोरून फोन केला होता. स्वप्नाची बहीण दक्षता ठाण्याला वर्तकनगरात कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करायची. ती दोन पोलिसांना घेऊन पोचली. शेवंतीने बेशुद्ध स्वप्नाला रिक्षात घातलं, पण जमाव रिक्षा सोडेना. पोलिसांनाही लोक रेटू लागले. एक दगड दक्षताच्या कपाळावर बसला.

रक्त पुसत ती आत शिरली. कॉम्प्युटरमागची इंटरनेटची वायर उपटली, मशीन बंद करून पुन्हा चालू केलं आणि त्यात साठवलेलं गोमाजीचं रेकॉर्डिंग पहिल्यापासून लावून आवाज मोठा केला. गोमाजी दवाखान्यातून बोलला होता ते आता सगळ्यांना ऐकू आलं: "मारुती, स्वप्ना रात्रभर जागली रे. तिला आधी जेवायला वाढ."

लोक मागे सरले. रिक्षाला वाट मिळाली.

मग दक्षताने पोपटला सर्वांसमोर विचारलं, "रेकॉर्डिंग सुरू होताच ही वायर कोणी खुपसली?" धुपाआड भगत मशीनमागे वाकला होता, हे पुढे बसलेल्यांना आठवलं. दहाव्याला वायर लागताच असाच आवाज चुकून अडकलेला त्याने पाहिला होता.

कारण साधं होतं. मशीनमध्ये आवाज, इंटरनेट अशा एकेका कामाचं वेगळं कार्ड असतं, आणि प्रत्येक कार्डाला प्रोसेसरला, म्हणजे मशीनच्या मेंदूला, हाक मारायची एक ओळ लागते. ती ऑपरेटिंग सिस्टिम वाटून देते. इथे आवाजाच्या आणि इंटरनेटच्या कार्डाला एकच ओळ मिळाली होती. वायर लागली की इंटरनेटच्या कार्डाची हाक थांबेना, आणि प्रोसेसर त्यातच गुंतून पडे. आवाजाच्या कार्डाला पुढचा आवाज मिळेना, मग ते हातातला तुकडाच, 'मारुती'मधला 'मार', पुन्हा पुन्हा वाजवी. दक्षताने रेकॉर्डिंग पुन्हा सुरू करून वायर परत लावून दाखवली. "मार... मार..." पुन्हा सुरू झालं. मग तिने इंटरनेटचं कार्ड दुसऱ्या खाचेत बसवलं, त्याला वेगळी ओळ मिळाली, आणि वायर असूनही गोमाजीचं वाक्य पुरं झालं.

पोपट आणि मारुती दोघांनाही बेड्या पडल्या. स्वप्ना वाचली. तिचा हात सरळ झाला नाही, आणि त्या घरात ती परत गेली नाही. आवाजाने फसलो, असा मारुतीने माफीचा निरोप पाठवला, तेव्हा ती बहिणीला एवढंच म्हणाली, "सासऱ्यांचा आवाज अडकला नव्हता, म्हणून काय झालं? ते खरंच 'मार' म्हणाले असते तर मारायचं होतं का?"

वाचकहो, मशीन का अडकलं ते जाणकाराला विचारा. पण माणसावर हात उचलायला सांगणारा आवाज देवाचा असो, पितराचा असो की भगताचा, तो ऐकू नका. त्यासाठी कॉम्प्युटर यावा लागत नाही.