राख न लावलेले हात

गौरेशने पहिली थप्पड मारली ती चुलीपुढेच. देवकीच्या कानातली कुडी उडून राखेत पडली. पोरगा पोटचा, पण हात बापाचा. तोही मेला आधी मारायचा, मग बोलायचा.

"आये, चल. अंगठो लाव."

"तुझ्या बापाचे पैसे आसत ते?"

"बहिणीचे आसत, म्हणजे घरचे. सुर्ल्याच्या खाणीवर माल परत सुरू झालो आणि माझो ट्रक टायरांशिवाय उभो. ट्रक चललो तर तुझ्याच ताटात भात पडतलो."

पैसे देवकीच्या लेकीचे, अंकिताचे. इब्रामपूरची ही पोर व्हिएतनामात जाऊन तिथल्या मुलांना इंग्रजी शिकवत होती. त्याच वर्गात गोऱ्या मास्तराला दुप्पट पगार, हिचं तोंड सावळं म्हणून हिला निम्मा. पण रडली नाही. एका खोलीत दुसऱ्या एका मुलीबरोबर राहायचं, शाळेत सायकलने जायचं, रविवारी घरोघर शिकवण्या. पगार झाला की आधी आईच्या खात्यात पाठवायची आणि उरेल त्यात महिना ओढायची. "मैत्रिणी कॉफीला बोलावतात गे," फोनवर हसत सांगायची, "मी म्हणते, कॉफीने माझ्या पोटात दुखतं."

पेडण्यात दोन खोल्या घ्यायच्या होत्या, स्वतःच्या नावावर. आईला लेकाच्या दारात मार खायला लागू नये म्हणून. मे महिन्यात सुट्टीवर येऊन शेवटचा हप्ता ती स्वतः भरणार होती. दादाच्या भीतीने खात्याचं कार्डसुद्धा काढलं नव्हतं. देवकीला सही येत नव्हती, मशीनवर बोट टेकवलं तरच पैसे निघत.

गौरेशने तिला दंडाला धरून बाजारात सुविधा नावाची बाई चालवायची त्या बँकेच्या केंद्रावर फरफटत नेलं. तिचा अंगठा दाबून दिवसाला निघतात तेवढे दहा हजार काढून खिशात घातले. "उरलेले टायरवाल्याक भेटून येतंय तेवां," म्हणाला आणि सुर्ल्याला गेला.

देवकीने गालाला थंड पाणी लावलं आणि ओल्या काजूबियांची पाटी पुढ्यात ओढली. आडाळ्यावर म्हणजे विळीवर बसली. एकेक बी पात्यावर चिरायची, गर काढायचा, साल फेकायची. सालीतला चीक बोटांवरून ओघळत होता.

शेजारची पार्वती कुंपणावरून ओरडली, "गो देवक्ये, हातांका राख लावूक नाय? चीक कातडी खातलो मगे!"

"राख सरली."

अंगणातली चूल राखेने भरली होती. पार्वतीने चुलीकडे पाहिलं, मग देवकीच्या सुजलेल्या गालाकडे, आणि घरात गेली.

चार दिवसांनी गौरेश परत आला तोवर बोटं काळी पडून सोलली होती. भाताचा घास उचलताना जीव जात होता. त्याला काय त्याचं? मनगट धरून पुन्हा केंद्रावर नेलं.

अंगठा टेकला. लाल दिवा. दुसरा अंगठा. लाल दिवा. गौरेश एकेक बोट मशीनवर दाबत गेला, सोललेल्या जागेतून रक्त येईपर्यंत. काचेवर डाग पडले.

"सोड रे तिका," सुविधा म्हणाली. "मशीनाक बोटां कशी कळतली? बोटांका रेषाच नाय उरल्यो."

मग त्याला कळलं. "तू मुद्दाम केलंस, रांडे?" त्याने तिची करंगळी धरली आणि मागे मोडली. कट्ट आवाज झाला. सुविधा किंचाळली. टेबलावर शटरचं लोखंडी कुलूप पडलं होतं, ते देवकीने डाव्या हाताने उचललं आणि लेकाच्या तोंडावर हाणलं. एकदा, मग परत. दुसऱ्या घावाला दात निखळून कागदांवर पडला. तो खाली बसला, तिसरा घाव त्याच्या मोकळ्या हातावर बसला. ज्या हाताने तिला मारलं, त्याच हातावर.

"मी दूध पाजलंय तुका," ती धापा टाकत म्हणाली, "म्हणून डोक्यात नाय घातलंय."

सुविधाने पोलिसांना फोन लावला तसा गौरेश तोंड दाबून उठला. दारातून वळून रक्त थुंकला.

"कातडी परत येतलीच मगे, आये. मी वाट बघतंय."

देवकीने मोडलेली करंगळी पदरात गुंडाळली.

"येवं दे. मे महिन्यापर्यंत झाडांवर बियो आसत."

घरी जाताना वाटेतच तिने ओल्या बियांची आणखी एक पाटी घेतली.