काठोकाठ

कल्पना करा, सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्राच्या शेवटच्या हौदापाशी तुम्ही उकिडवे बसला आहात. पाणी नितळ आहे, पण क्लोरीनचा वास नाकाला झोंबतो. तुमच्या शेजारी एक आजोबा लांब दांड्याच्या भांड्यानं पाणी काढून नातीच्या हातातल्या काचेच्या बाटलीत ओतत आहेत.

"बास. वर बोटभर जागा राहू दे," आजोबा म्हणाले.

"पण प्रयोगशाळेतल्या ताई सकाळी म्हणाल्या, काठोकाठ भरायची. बुडबुडासुद्धा नको."

"त्यांचे दुधाचे दातही पडले नव्हते, तेव्हापासून भरतोय मी बाटल्या!"

बत्तीस वर्षं ते इथं ऑपरेटर होते. एका वर्षी साथ आली तेव्हा त्यांनी क्लोरीन वाढवलं, ते पुन्हा कमी केलंच नाही. इथलं पाणी नदीत सोडतात आणि खालचं गाव त्याच नदीचं पाणी पितं. तिथं एकही माणूस दगावला नाही, असं ते अजून सांगत. नात त्याच गावाची. सुट्टीत आजोळी आली होती.

"आणखी काय म्हणाल्या तुझ्या ताई?"

"क्लोरीन जंतू मारतं. पण पाण्यात उरलेल्या मळाशी मिळून त्यातून दुसरंच काहीतरी तयार होतं. दिसत नाही. वर्षानुवर्षं पोटात गेलं तर वाईट. क्लोरीन जास्त, तर तेही जास्त."

"मग तपासणीत कसं सापडलं नाही कधी?"

"ते उडून जातं ना, आजोबा. बाटलीत हवा राहिली की पाण्यातून निघून त्या हवेत जातं. झाकण उघडलं, की गेलं."

आजोबांनी बाटलीकडे पाहिलं, मग स्वतःच्या बोटाकडे. बराच वेळ ते बोट अंगठ्यानं चोळत राहिले. मग बाटली घेऊन त्यांनी झाकण घट्ट लावलं आणि ती कट्ट्यावर ठेवली.

"उद्या निवृत्त होतोय गं मी. एकही अहवाल बिघडला नाही आजवर. आता शेवटच्या बाटलीनं बिघडवायचा?"

नातीनं कट्ट्यावरची बाटली उचलली. ती उलटी धरली. आतला बुडबुडा हळूच वर चढला.

तिनं झाकण काढलं. शेजारचं भांडं उचललं आणि पाणी बाटलीच्या तोंडावर फुगून येईपर्यंत ओतलं. मग एक थेंबही सांडू न देता, दोन्ही हातांनी ती बाटली आजोबांपुढे धरली.