जोरणातला मुगा

रूपमणी तळ्याच्या पायरीवर उकिडवी बसून रडत होती आणि तिच्या पुढ्यातल्या पाण्यात नव्या रेशमी मेखला-चादरीच्या जोडाचा पिवळा रंग पसरत चालला होता.

तिची सासू पुनेश्वरी पाखडायचं सूप तसंच टाकून धावत आली आणि ते पाणी बघून जागच्या जागी थिजली. कारण मुगा रेशमाचा रंग जात नसतो. तो कुणी लावलेलाच नसतो मुळी. किडा सोनेरीच धागा काढतो आणि तो जितका धुवाल तितका उजळतो. आजीचा मुगा नातीच्या अंगावर जास्त चमकतो, हे त्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. ठाऊक नव्हतं ते चहाच्या बागेत वाढलेल्या रूपमणीला, आणि त्याच भरवशावर तर सासूबाईंनी सगळा उद्योग केला होता.

"मा, मी फार चोळलं वाटतं," रूपमणी म्हणाली. "तुमच्या हातचं होतं हो. बिहूच्या सणाला नेसायचं म्हणून धुवायला काढलं आणि मातीच केली मी त्याची."

बोलायची वेळ हीच होती. एका वाक्याचं तर काम! पण पुनेश्वरी "असू दे, होतं असं कधीकधी," एवढंच म्हणून घरात गेली. वर मोठेपणा घेतला तो घेतलाच.

तसा तिच्या हातचा मुगाही घरात होता, अगदी खरा. परसातल्या सोमच्या झाडांवर तिने स्वतः किडे वाढवले होते, कावळे हाकलून हाकलून घसा बसवून घेतला होता आणि अंगणातल्या मागावर बसून आपल्या मुलाच्या, दिगंतच्या होणाऱ्या बायकोसाठी तो जोड विणला होता. त्यावर फुलं विणताना ती सून कशी असेल, याची स्वप्नंसुद्धा बघितली होती. मग एके दिवशी दिगंतने सांगितलं की मुलगी बागेतल्या मजुरांच्या घरची आहे, मुंडा आदिवासींची. पुनेश्वरीचं तोंड जे वाकडं झालं ते सरळ होईना. नाही म्हणायची सोय नव्हती, कारण पोरगा ऐकणाऱ्यातला नव्हता. तेव्हा तिने तो मुगा पेटीच्या तळाशी ढकलला आणि सिबसागरच्या बाजारातून रंगवलेल्या स्वस्त रेशमाचा जोड आणला. लग्नाआधी नवरीच्या घरी कपडे-दागिन्यांचं जोरण घेऊन गेली, तेव्हा काशाच्या तबकात तोच ठेवलेला. त्यांना काय कळतंय मुग्यातलं, असं मनाशी म्हणाली. आणि सगळ्यांच्या देखत, "माझ्या हातचा आहे हो," असंही सांगून मोकळी झाली. बाईचं धाडस म्हणायचं! बरोबरच्या बायकांपैकी कुणी ओळखलं असेलही, पण बोललं कुणी नाही.

संध्याकाळी दिगंत घरी आला आणि दोरीवर वाळत घातलेलं ते विटकं कापड बघून बायकोवर तडकला. "मा-ने डोळे फोडून विणला होता तो. एक कापड नीट धुता येत नाही? तुमच्याकडे..." म्हणाला आणि एकदम गप्प झाला. रूपमणीने मान खाली घातली. पुनेश्वरी चुलीपाशीच बसलेली होती. 'तुमच्याकडे' हा शब्द पोराने कुठून उचलला, ते तिला चांगलं माहीत होतं. त्याच चुलीपाशी तो वाढला होता. तरी ती भाताखालचा जाळ सारत राहिली.

बिहूच्या सकाळी दोघी गावच्या नामघरात प्रार्थनेला गेल्या. बायाबापड्या मुग्यात झळकत होत्या आणि रूपमणी साध्या सुती चादरीत. कुणीतरी विचारलंच, सासूने दिलेला जोड कुठे गं? रूपमणीने काही आडपडदा ठेवला नाही. धुताना आपणच घालवला, आपलाच हात वाईट, आणि मा एका शब्दाने बोलल्या नाहीत, असं तिने सरळ सांगून टाकलं. झालं! बायका पुनेश्वरीचे गोडवे गायला लागल्या. सासू असावी तर अशी, दुसरी असती तर पोरीला माहेरी धाडलं असतं. पुनेश्वरीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. प्रसादाचे भिजवलेले मूग तिने न खाता तसेच चादरीच्या टोकाला बांधले.

घरी आल्या आल्या तिने पेटी उघडली आणि तळातला जोड काढून सुनेपुढे धरला.

रूपमणीने दोन्ही हात पाठीमागे नेले. "नको मा. हाही माझ्या हातून जाईल."

"तुझ्या हाताला काही झालेलं नाही," पुनेश्वरी म्हणाली. "तो मुगा नव्हताच गं. बाजारातलं रंगवलेलं होतं. तुम्हाला कळणार नाही म्हणून आणलं होतं मी."

रूपमणी या वेळी रडली नाही.

"जोरणाच्या दिवशी तबक घ्यायच्या आधी माझ्या आईने दोनदा हात धुतले होते," ती म्हणाली. "चहाची पानं खुडून बोटं काळी पडतात ना तिची. मुग्याला डाग लागेल, म्हणत होती."

पुनेश्वरी घाईघाईने म्हणाली, दिगंतला आज मीच सांगते, नामघरातल्या बायकांना सांगते, आणि तुझ्या आईकडे जाऊन तिच्या पाया पडून हा जोड तिच्याच हातात देते. चल, आत्ताच निघू.

"दुसऱ्या कुणालाही सांगा," रूपमणी म्हणाली. "आईला मात्र सांगू नका. विहीणबाईंनी स्वतः विणून दिला, म्हणून ती सगळ्या वस्तीत सांगत फिरलीय."

एवढं बोलून ती सणाचा गोड पिठा तळायला स्वयंपाकघरात गेली. पुनेश्वरी तो खरा मुगा मांडीवर घेऊन पेटीपाशी बसून राहिली. त्याच्यावरून हात फिरवायचीसुद्धा तिला लाज वाटत होती.