डोहातलं जेवण

बयाबाईनं चिलापीचं पोट विळीवर फाडलं आणि तोंड एकदम बाजूला केलं. आतून जी घाण आली ती माशाची नव्हतीच. रॉकेलच्या डब्यात सडका कांदा पडावा तसला वास. कल्ल्यांत काळा गाळ चिकटलेला होता, तो काढायला गेली तर नखांत जाऊन बसला. सहा चिलाप्या होत्या आणि सहाही तशाच. शी, असं ती मोठ्यानं म्हणाली आणि दुसरी उचलली.

शेजारी टोपलीखाली, ओल्या पोत्यात, दोन मरळ मधूनच अंग हलवत होत्या. खरं तर शिजवायच्या त्या होत्या. तिचा नवरा भिमाजी काल एसटीनं धरणावर जाऊन तिथल्या ओळखीच्या भोयांकडून त्या जिवंत घेऊन आला होता. मरळ ओल्या पोत्यात रात्रभर तग धरते. साहेब येणार आहेत, रस्सा नीट कर, तिखट बेतानं घाल, असं बजावून तो सकाळी फाट्यावर जीप गाठायला गेला. त्याची पाठ वळली तशी बयाबाईनं साडी खोचली, स्वतः डोहात उतरली आणि रात्री लावलेलं जाळं ओढून आणलं. त्यात जे निघालं ते तिनं शिजवायला घेतलं. वर्षभर पुष्कळ थेरं झाली, आता ज्याला नदी बघायचीय त्यानं ती खाऊन बघावी.

कादवा गोदावरीला मिळते तिथून थोडं खाली बंधारा आहे. बंधाऱ्याच्या फुगवट्यात भोयांनी पणज्यांच्या काळी डोह वाटून घेतलेले. ज्याचा डोह त्याचंच जाळं. भिमाजीच्या वाट्याला आलेला डोह अगदी संगमावरचा, सगळ्यांत नामी. दोन नद्यांचा गाळ तिथं बसायचा आणि दोन्हींकडची मासळी तिथं चरायला यायची. रीत अशी होती, की डोहावर पाहुणा आला तर जाळं त्याच्यासमोर उचलायचं आणि पहिला मासा त्याच्या हातात द्यायचा. पाहुण्यासमोर जाळं रिकामं निघालं तर त्या घराची गावभर अब्रू जायची. भिमाजीच्या बापाला हे एकदाही बघावं लागलं नव्हतं. मरळ, वाम, शिंगाळा, बचकभर झिंगे, काही ना काही निघायचंच.

आता काय निघायचं ते बयाबाईला विचारावं. गोदावरीतून नाशिकची गटारं उतरत होती. कादवेतून द्राक्षांच्या औषधांचं पाणी येत होतं, आणि वरच्या अंगाला एक कारखाना झाल्यापासून त्याचा नाला थेट तिच्यात सुटला होता. तांबडंकाळं, कोमट, फेसाळ पाणी. ज्या दिवशी तो सुटायचा त्या दिवशी काठावर उभं राहवत नसे. जाळ्यात प्लास्टिकच्या पिशव्या यायच्या, चिंध्या यायच्या, एकदा तर लहान मुलाचं हागलेलं दुपटं आलं, तेही बयाबाईनंच सोडवलं. पायांना खाज सुटून पोटऱ्या सोलल्या होत्या. पिंपळगावच्या बाजारात गिऱ्हाईक कल्ले उघडून बघायच्या आधी नाक लावून बघायचं आणि पुढं जायचं. एका बाईनं तर शिजवलेलं कालवण पातेल्यासकट परत आणून तिच्या पाटीसमोर ओतलं होतं. बयाबाईनं उलट शब्द काढला नाही. बाई खोटं कुठं बोलत होती?

मच्छीमार सोसायटीनं मग तक्रार केली. सोसायटीचा चेअरमन देवराम चार ठिकाणी अर्ज देऊन आला. तालुक्याच्या साहेबांनी सांगितलं, की पाणी घाण आहे असं कुणीही म्हणेल, मासळी किती उरली त्याची वर्षभराची मोजणी दाखवा. मोजणी खरीच वाईट निघाली तर नाला बंद करायला भाग पाडू, नाहीतर अर्ज निकालात काढू. म्हणून कुंभमेळ्याच्या आधल्या वर्षी, आषाढात, नाशिकच्या इंदिरानगरहून उज्वला मॅडम यायला लागल्या. कॉलेजात शिकवायच्या. आधी कोकणात खाड्यांवर काम केलेलं. खाडीच्या तोंडाशी गोडं पाणी खाऱ्याला मिळतं, तिथं मासे पिल्लं वाढवायला येतात, संगमाचंही थोडंफार तसंच असतं, असं त्या भिमाजीला समजावून सांगायच्या. महिन्यातून एकदा सकाळच्या एसटीनं यायच्या, भिमाजीनं त्यांच्यासमोर जाळं उचलायचं आणि त्यांनी एकेक मासा फळीवर ठेवून मापायचा, तोलायचा, वहीत लिहायचा आणि परत पाण्यात सोडायला लावायचा.

पहिल्या खेपेला जाळं वर आलं ते काळ्या चिखलानं लडबडलेलं. चार चिलाप्या, एक मेलेला, फुगलेला मांगूर आणि एक चप्पल. मॅडमनी मांगुराला हात लावला मात्र, तो फुटला. त्या बाभळीमागं जाऊन ओकल्या, तोंड पुसून परत आल्या आणि सगळं लिहून घेतलं. त्यांना वाईट वाटलं ते नदीचं. भिमाजीला वाटलं, की पोरीच्या वयाची शिकलेली बाई आपल्या डोहावर पाहुणी आली आणि आपण तिच्या हातात कुजकं ठेवलं. त्या दिवशी तो जेवला नाही.

दुसऱ्या महिन्यात तो गुपचूप धरणावर गेला. मॅडमची एसटी यायच्या तासभर आधी दोन मरळ, एक वाम आणि ओंजळभर झिंगे त्यानं पाण्यातल्या जाळ्यात हळूच अडकवले. जाळं उचललं तशा मॅडम एवढ्या हरखल्या, की मरळ हातात घेऊन उभ्याच राहिल्या. भिमाजीची छाती फुगली. त्या रात्री तो बायकोला म्हणाला, बघितलंस, बापाच्या काळची रीत राखली. बयाबाई दुसऱ्या सकाळी काठावर गेली तर मॅडमनी सोडायला लावलेल्या दोन्ही मरळ पोट वर करून फेसात तरंगत होत्या. तिनं त्या काठीनं ओढून खड्ड्यात पुरल्या आणि नवऱ्याला वेड लागलंय अशी मनाची समजूत घातली.

ते वेड अकरा महिने चाललं. तिनं भांडून बघितलं, अबोला धरून बघितला. भिमाजीचं एकच म्हणणं, त्यानं कुणाचं काय बिघडतंय? मोजणीचा आणि साहेबांच्या कागदाचा काही संबंध असेल हे त्याच्या डोक्यात शिरलंच नव्हतं. नदीची घाण दिसायला वही कशाला लागते, काठावर उभं राहिलं तरी दिसते, असं तो धरून चाललेला. बयाबाईचंही खरं तर तसंच होतं. तिला नुसता त्या नाटकाचा वीट आला होता.

आठ दिवसांपूर्वी देवराम डोकं धरून घरी आला तेव्हा दोघांना कळलं. मॅडमनी वही जशीच्या तशी साहेबांकडं दिली होती. त्यांनीच केलेली पाण्याची तपासणी इतकी वाईट आणि मासळी इतकी चांगली, हे कसं, ते त्यांनाही उमगत नव्हतं, पण मापलेलं खोडायचं कसं? साहेबांनी फोनवर देवरामला हसत हसत सांगितलं, की तुमच्या नदीत दोन-दोन फुटी मरळ आहेत, मग तक्रार कसली करता. येतो, बघतो, पंचनामा करून प्रकरण मिटवतो. आणि हो, जेवण मासळीचंच करा, तुमच्या त्या डोहातलं.

देवराम गेल्यावर बयाबाईनं नवऱ्याला सांगितलं, की आत्ताच्या आत्ता जा आणि खरं सांगून ये. नाला असाच सुटत राहिला तर आपण खायचं काय? भिमाजी म्हणाला, वर्षभर मी खोटं बोललो असं कोणत्या तोंडानं सांगू? त्या पोरीचं सगळं काम पाण्यात जाईल. आणि साहेब पहिल्यांदा घरी यायलेत, त्यांच्या ताटात काय ही घाण वाढू? एवढं बोलून तो धरणाच्या एसटीची वेळ विचारायला गेला. त्या क्षणी बयाबाईला आपल्या नवऱ्याची किळस आली. नदीची यायची तशीच, अगदी तेवढीच.

दुपारी जीप आली. साहेब, त्यांचा कारकून, उज्वला मॅडम, देवराम आणि फाट्यावरून त्यांच्यात बसलेला भिमाजी उतरले. साहेब मध्यम वयाचे, बोलायला गोड. नाकाला रुमाल लावून काठावर दोन मिनिटं उभे राहिले, उन्हाळ्यात थोडा वास येणारच, असं म्हणाले आणि सावलीत येऊन बसले. छपराखाली सतरंजी टाकली होती. कारकुनानं पंचनामा जीपमध्येच लिहून आणलेला, सह्या तेवढ्या राहिल्या होत्या. जेवून उरकू, साहेब म्हणाले.

बयाबाईनं ताटं मांडली. भाकरी, कांदा आणि वाटीत लालभडक रस्सा. मसाला तिनं जेवढा घालायचा तेवढाच घातला होता, वास झाकायला एक चिमूटही जास्त नाही. वाफ वर आली तसा कारकून मागं सरकला. भिमाजीनं वाटीत बघितलं. चिलापीचं डोकं ओळखायला त्याला वेळ लागला नाही. त्यानं बायकोकडं बघितलं, ती त्याच्याकडंच बघत होती.

साहेबांनी भाकरीचा तुकडा मोडला, माशाचा लचका घेतला, तोंडाजवळ नेला आणि हात तिथंच थांबला. मग त्यांनी तो परत वाटीत सोडला. उज्वला मॅडमनी मात्र घास तोंडात घातला, दोनदा चावला आणि डोळे मिटून गिळला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मावशी, हा कुठला मासा?"

"डोहातला. आज सकाळी मीच काढला."

"आणि माझ्या वहीतले?"

ते उत्तर बयाबाईनं द्यायचं नव्हतं. भिमाजी ताटासमोर मांडी घालून बसला होता, त्याची मान खाली गेली होती. देवरामला वाटलं तिखट लागलं असावं, त्यानं पाण्याचा तांब्या पुढं केला. भिमाजीनं तो बाजूला सारला.

"धरणावरचे व्हते ते, मॅडम. दुसऱ्या खेपेपासून सगळे. मी आणून जाळ्यात लावायचो." त्यानं टोपलीकडं बोट केलं. "आजच्या मरळ बी तिथल्याच. टोपलीखाली हायेत, बघा वाटलं तर."

देवराम जागचा उठला. अर्ज घेऊन तो किती उंबरे झिजवून आला होता ते गावाला माहीत होतं. अरे, भोयाच्या पोटचा ना तू, एवढंच त्याच्या तोंडून निघालं, आणि भिमाजी हळूच म्हणाला, "म्हणून तर."

उज्वला मॅडम हातातल्या भाकरीकडं बघत राहिल्या. वर्षभराच्या एसट्या, उन्हातली मापं, सगळं त्यांच्या चेहऱ्यावरून गेलं. रागावतील असं भिमाजीला वाटत होतं. त्या रागावल्या नाहीत, हे त्याला जास्त लागलं. त्या साहेबांकडं वळून म्हणाल्या, की माझी मोजणी खोटी आहे, पहिला महिना सोडून, आणि तसं मी लेखी द्यायला तयार आहे.

साहेबांनी मान हलवली. मोजणीच खोटी म्हटल्यावर तक्रारीला आधार काय राहिला, असं त्यांनी समजुतीच्या सुरात विचारलं. सोसायटीच्याच माणसानं फसवलं, हे वर कळलं तर उलट तुमच्यावरच शेकेल. त्यापेक्षा आहे तो पंचनामा राहू द्या, मिटवून टाकू. त्यांनी कारकुनाला खूण केली. कारकुनानं कागद काढून देवरामपुढं धरला आणि शेवटची ओळ वाचून दाखवली, की पाहणीअंती उपस्थितांनी सदर डोहातील मासळीचे भोजन घेतले.

बयाबाईला त्या ओळीची किळस आली. इतक्या वर्षांत चिखलानं, दुपट्यानं, फुगलेल्या मांगुरानं आली नव्हती तेवढी. देवरामनं कागद-पेन हातात घेतलं होतं आणि त्याला काय करावं ते सुचत नव्हतं.

साहेब उठले. बोटांना रस्सा लागला होता. त्यांनी बोटं नाकाशी नेली, तोंड वाकडं केलं आणि हात अंगापासून लांब धरून इकडंतिकडं बघितलं. भिमाजीनं सारलेला तांब्या कारकुनानं मघाशी पिऊन संपवला होता.

"बाई, हात धुवायला पाणी द्या जरा."

आत बोअरच्या पाण्याचा हंडा भरलेला होता. बयाबाई जागची हलली नाही.

"समोर नदी हाय की, साहेब."

साहेब हसायला गेले, पण ती हसत नव्हती. भिमाजीही नाही, मॅडमही नाही. मग ते काठाकडं निघाले. उतारावरून चार पावलं गेले आणि पाण्यापासून हातभर अंतरावर थांबले. बुटाच्या टोकाशी तांबडा फेस येऊन लागत होता. ते वाकले, हात पुढं केला, तसाच मागं घेतला आणि बराच वेळ तिथं वाकलेलेच राहिले. छपराखालून सगळे बघत होते.

मग त्यांनी खिशातला रुमाल काढून बोटं एकेक करून पुसली, रुमाल तिथंच टाकला आणि वर येऊन सतरंजीवर बसले. देवरामच्या हातातला कागद त्यांनी स्वतः काढून घेतला आणि कारकुनाला म्हणाले, कोरा दे एक.