नळी कुणी ओढली

माणसाच्या प्रत्येक दुःखाला जगात कुठे ना कुठे एक कोड, म्हणजे ठरलेला आकडा, असतो. बदक चावलं तर एक, बदकाने नुसती धडक दिली तर दुसरा. या दुसऱ्या कोडाचा कुणाला उपयोग झाल्याचं ऐकिवात नाही, पण बदकांचा भरवसा नाही म्हणून तो ठेवलेला आहे.

असे हजारो कोड ज्यांना तोंडपाठ होते त्या बाई इस्पितळाच्या तळघरात, धुलाईच्या खोलीला लागून बसत. वरती डॉक्टर रुग्णाला काय झालं ते लिहीत, खाली बाई त्याचा आकडा करत आणि आकडा विमा कंपनीकडे जाई. सगळे त्यांना कोडबाई म्हणत. इतक्या वर्षांत त्यांनी एकही रुग्ण जवळून पाहिला नव्हता. पाहिला की गोंधळ होतो, असं त्यांचं मत होतं.

त्या दिवशी त्यांच्यासमोर शिंपीकाकांची फाईल होती. काकांना अर्धांगवायूचा झटका आलेला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं आणि गिळणंही गेलं, म्हणून पोटाला बारीक भोक पाडून जेवणासाठी नळी बसवलेली. ती नळी घरी निसटून बाहेर आली आणि सकाळी नवी बसवली. ही तिसरी खेप. आधीच्या दोन्ही खेपांना डॉक्टरांनी लिहिलं होतं, ‘रुग्णाने स्वतः ओढून काढली.’ या खेपेला फक्त ‘नळी बदलली’ एवढंच होतं.

एरवी तेवढ्यावर भागलं असतं. पण विमा कंपनीच्या संगणक-प्रणालीची नवी आवृत्ती आली होती आणि तिच्यात ‘कारण’ नावाचा रकाना भरल्याशिवाय पडदा पुढे सरकत नव्हता. बाईंनी डॉक्टरांना फोन लावला.

“डॉक्टर, शिंपीकाकांच्या नळीचं कारण काय टाकू?”

“मागचंच टाका की.”

“ओढताना कुणी पाहिलंय का?”

“बाई, मी पोटाचा डॉक्टर आहे, पोटाचा पहारेकरी नाही,” म्हणून डॉक्टरांनी फोन ठेवला.

अंदाजाने कोड टाकणं बाईंना जमत नसे. त्यात तत्त्वाचा भाग थोडा होता आणि तपासनिसाची भीती जास्त. शेवटी त्यांनी वरच्या मजल्यावर निरोप धाडला की शिंपीकाकांच्या घरचं कुणी असेल तर जरा खाली या.

घरचे दोघे आले. पुढे काकू, मागे मुलगा. मुलगा कारखान्यात सुरक्षा अधिकारी होता. आत शिरताशिरता त्याने आग विझवायच्या नळकांड्यावरची तारीख वाचली आणि मान हलवली. काकू मात्र थेट खुर्चीत बसल्या.

“तुम्हीच ना त्या, काय झालं ते ठरवणाऱ्या?”

“मी ठरवत नाही हो, मी टाकते.”

“एकच. मग टाकायच्या आधी माझं ऐका. यांनी नळी ओढली असं तिसऱ्यांदा लिहिलंत तर आज सकाळी, पुन्हा ओढू नये म्हणून, घातलेला हातमोजा कायमचा राहणार, असं सिस्टर म्हणाल्या. नुसता मोजा नाही तो, उशीच आहे हाताला बांधलेली. एकच हात चालतो माणसाचा. त्या हाताने बोलतात ते. दोन बोटं कात्रीसारखी केली की समजायचं, माझी बडबड पुरे. मोजा घातल्यापासून मी बोलतेच आहे, थांबवायला कुणी नाही.”

“आई, मुद्द्याचं बोल.”

“मुद्द्याचंच बोलतेय. तू गप्प बस, सुरक्षा.” मग त्यांनी आवाज खाली आणला. “बाई, मला एवढंच सांगा. त्यांना आमचा कंटाळा आलाय का? जेवणाचीच नळी ओढतोय म्हणजे माणसाला आता नकोय, असंच ना? मी विचारलं त्यांना. पण मोज्यातून उत्तर कसं देणार?”

कंटाळ्याला कोड होता. पण बाईंना तो टाकावासा वाटला नाही. त्यांनी पडद्यावरचे पर्याय वाचायला घेतले, कारण त्यांना तेवढंच येत होतं.

“नळी बुजली होती का?”

“छे,” मुलगा म्हणाला. “दर वेळी जेवणाआधी आणि नंतर पाणी सोडतो. भिंतीवर तक्ता लावलाय.”

“आजूबाजूने गळत होती?”

“नाही.”

“आतला फुगा फुटला होता का?”

“कसला फुगा?” काकूंनी विचारलं.

बाईंनी खालची बारीक अक्षरं वाचली. नळीच्या आतल्या टोकाला पाण्याने भरलेला लहानसा फुगा असतो. त्याच्यामुळे ती पोटात अडकून राहते.

“हां, तो,” मुलगा म्हणाला. “त्याचा आमच्याशी संबंध येत नाही. तो आतल्या बाजूला. बाहेरची व्यवस्था मी पाहतो. नळीला दोन तोंडं आहेत. मी दोन्हींवर चिकटपट्ट्या लावल्यात. मोठ्या तोंडावर हिरवी, ‘अन्न’. लहान तोंडावर लाल, ‘औषध’. गफलतीला वावच नाही.”

याच वेळी वरच्या सिस्टर धुतलेल्या चादरींचा गठ्ठा घेऊन दारावरून चालल्या होत्या. त्या थांबल्या आणि चादरींसकट आत आल्या.

“लहान तोंडातून औषध? कुठलं?”

“पोट साफ व्हायचं. रोज नाही, चार दिवस काही झालं नाही तरच. दुप्पट पाण्यात कालवून, सिरिंजने, अगदी हळूहळू. जरा जोर लावावा लागतो.”

“लागणारच,” सिस्टर म्हणाल्या. “ते तोंड फुग्याचं आहे.”



“म्हणजे मी औषध...”

“फुग्यात भरत होतात. फुगा फुटला की औषध पोटात आणि नळी आपसूक बाहेर. काकूंना शिकवलं होतं मी, औषधसुद्धा मोठ्याच तोंडातून.”

“मला शिकवलं होतं,” काकू म्हणाल्या. “पण याने तक्ता लावल्यावर मला कोण विचारतो?”

मुलगा जमिनीकडे बघत होता. “तरीच औषध लागू पडायचं ते नेमकं नळी निघायच्या दिवशी,” तो पुटपुटला. “मला वाटायचं, पोट दुखतं म्हणून बाबा चिडून ओढतात.”

“म्हणजे त्यांनी ओढली नाही,” काकू सिस्टरांकडे वळून म्हणाल्या.

“नाही.”

“एकदाही?”

“तिन्ही वेळा औषध दिलं होतं का?” सिस्टरांनी मुलाला विचारलं. त्याने मान डोलावली. “मग एकदाही नाही.”

काकूंनी पदराने आधी डोळे पुसले, मग चष्मा, मग उगाचच कोडबाईंचं टेबल. “आणि मी त्या माणसाला पंधरा दिवस समजावत होते, की अहो असा धीर सोडू नका. काय वाटलं असेल त्याला?” त्या हसायला लागल्या आणि त्यांना ते आवरेना. मुलगाही हसला, पण थोडं उशिरा आणि परवानगी घेतल्यासारखं.

सिस्टरांनी सकाळी काढलेली नळी कचऱ्यात जायच्या आत शोधून काढली. फुगा टोकाशी चिरलेला होता. डॉक्टरांनी दोन ओळी लिहून दिल्या आणि बाईंनी ‘उपकरणात बिघाड’ हा कोड टाकला. पडदा पुढे सरकला.

मग काकूंनी आग्रहच धरला म्हणून कोडबाई वर्षानुवर्षांत पहिल्यांदा वॉर्डात गेल्या. मोजा सुटला होता. काका हात उघडून मिटून पाहत होते. काकूंनी पलंगाशी उभं राहून अथपासून इतिपर्यंत सगळी हकीकत सांगितली, मुलाच्या वाट्याचं दोनदा सांगितलं. काकांनी डाव्या हाताची दोन बोटं कात्रीसारखी हलवली. काकू लगेच गप्प झाल्या आणि फार खूश दिसल्या. मग काकांनी तीच कात्री मुलाकडे वळवली आणि नव्या नळीवरही त्याने लावून टाकलेल्या लाल चिकटपट्टीच्या दिशेने नेली. मुलाने पट्टी काढून खिशात टाकली.

पुढच्या आठवड्यात विमा कंपनीकडून सर्व इस्पितळांना परिपत्रक आलं. ‘कारण’ हा रकाना नजरचुकीने सक्तीचा झाला होता, तो काढून टाकण्यात आला आहे. त्यातला मजकूर कंपनीत कुणी वाचत नाही.